कसांड्रा गाते कधी आणि बोलते कधी? ग्रीक कथेवर प्रायोगिक संगीत-नाटक करणाऱ्या ग्रुपला उत्तर

तुमचा प्रश्न लांब होता, त्यामुळे बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्हाला प्राचीन ग्रीक नाटककार ईस्किलसच्या 'अगामेम्नॉन'मधल्या कसांड्रावर मराठीत तासाभराचा प्रयोग करायचाय, सात-आठ नट आहेत, एक चांगली गाणारी मुलगी आहे, लॅपटॉप, लूपर (गायलेला तुकडा परत परत वाजवणारं यंत्र) आणि थोडी तालवाद्यं आहेत. ग्रुपमध्ये तीन मतं पडलीयत. एक जण म्हणतो प्राचीन ग्रीक वाटेल असं लायरचं, म्हणजे छोट्या हार्पसारख्या तंतुवाद्याचं संगीत हवं, दुसरा म्हणतो नुसता ड्रोन, म्हणजे सलग घुमणारा एकच सूर, आणि नॉइज हवा, आणि दिग्दर्शकाला भीती आहे की या सगळ्यात गोष्टच कळणार नाही कारण आपल्या प्रेक्षकाला ट्रॉयचं युद्ध जेमतेम माहीत, कसांड्रा तर नाहीच. आणि शेवटी विचारलंय, "संगीत नेमकं किती प्रायोगिक ठेवावं?"

मी बरीच वर्षं नाटकांना संगीत देते, त्यात ग्रीक नाटकं वारंवार आली, आणि प्रत्येक वेळी तालमीत हाच "किती" निघतो. माझं मत असं की "किती" विचारलं की उत्तर मिळतच नाही, कारण मग आपण आवाज हा मसाल्यासारखा कमी-जास्त करत बसतो. तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. या प्रसंगात कोण गातंय, कोण बोलतंय आणि ते कुठल्या ओळीला बदलतं हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. ते ठरलं की लायर की ड्रोन हे भांडण आपोआप लहान होतं. आणि गंमत म्हणजे ते ठरवायचं काम ईस्किलसनेच करून ठेवलंय, इ.स.पू. 458 मध्ये.

प्रसंग नीट बघा. अगामेम्नॉन दहा वर्षांनी ट्रॉय जिंकून घरी येतो, सोबत रथात ट्रॉयची राजकन्या कसांड्रा, लुटीत मिळालेली. अपोलोने तिला भविष्य बघायची शक्ती दिली, तिने त्याला नकार दिला, म्हणून त्याने शाप दिला की तू खरंच सांगशील पण कुणाचा विश्वास बसणार नाही. अगामेम्नॉन आत जातो. त्याची राणी क्लायटेम्नेस्ट्रा बाहेर येऊन कसांड्राला आत बोलावते, कसांड्रा गप्प. पुन्हा बोलावते, गप्प. राणी म्हणते हिला बहुतेक आपली भाषा येत नाही, पाखरासारखं परकं काहीतरी बोलत असेल, आणि चिडून आत निघून जाते. प्रेक्षक इतका वेळ एका न बोलणाऱ्या बाईकडे बघतोय. आणि मग ती तोंड उघडते तेव्हा पहिला आवाज शब्दच नाहीये, ओतोतोतोय पोपोय दा, नुसता आक्रोश. त्यानंतर अपोलोच्या नावाने हाक.

आता इथून पुढे ती गाते. पूर्ण वाक्यं नाहीत, तुकडे आहेत, कापलेली मुलं दिसतात, न्हाणीघर दिसतं, जाळं दिसतं (राणी आत अगामेम्नॉनला मारणार आहे, त्याची ही चाहूल). आणि समोर कोरस, म्हणजे एकत्र गाणारा-बोलणारा समूह, इथे अगामेम्नॉनच्या आर्गोस शहरातले म्हातारे, जे युद्धाला जाऊ शकले नव्हते, ते तिला साध्या बोलण्याच्या छंदात उत्तर देतात. शांतपणे, समजूत घालत. तिचं गाणं आणि त्यांचं बोलणं. मग हळूहळू ते म्हातारे हादरायला लागतात आणि तेही गाण्यात शिरतात, त्यांना काही कळलेलं नसतं पण अंगात भीती भरलेली असते. आणि नेमकी त्याच्यानंतर कसांड्रा गाणं सोडते. ती म्हणते की आता माझी भविष्यवाणी नव्या नवरीसारखी पदराआडून डोकावणार नाही, आणि बोलायला लागते. सरळ, स्पष्ट, वाक्यात. मध्ये तिला परत कळा येतात, किंचाळते, पण छंद बोलण्याचाच राहतो. शेवटी ती नाव घेऊन सांगते की तुम्ही अगामेम्नॉनचं मरण बघणार आहात. तरीही कोरस विचारतो, हे करणारा पुरुष कोण?

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त हलवतं ते हेच. ती जेव्हा अस्पष्ट असते तेव्हा न कळणं समजू शकतो. पण ती लख्ख बोलते आणि तेव्हाही कळत नाही. शाप काय असतो ते त्या बदलातून ऐकू येतं. म्हणजे तुमच्या प्रयोगात पहिल्या अर्ध्या भागात आवाजाचा कितीही गदारोळ केलात तरी चालेल, लूपर लावा, शब्द फोडा, घशातले आवाज वापरा, ओळ उलटी करा, काहीही करा, पण ती "पदराआडून" म्हणते तिथे सगळं बंद झालं पाहिजे. ड्रोनसुद्धा. फेड करून नाही, कापून. त्यानंतर नुसता माणसाचा आवाज आणि नाट्यगृहाचा पंखा. जो ग्रुप ही शांतता सांभाळू शकतो त्याने आधी काय वाटेल ते करावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि जो इथे हळूच एक पॅड, म्हणजे मागे धरून ठेवलेला मऊ सूर, लावून ठेवतो "मूडसाठी", त्याने ईस्किलसची अख्खी रचना मोडली.

संगीताकडे येऊ. कसांड्रा आणि नंतर कोरस ज्या छंदात गातात त्याला डॉख्मियाक म्हणतात. ग्रीक नाटकात हा छंद फार घाबरलेल्या, आतून तुटलेल्या माणसांसाठी राखून ठेवलेला. आपल्याकडे वृत्तं शिकलेल्या कुणालाही तो दोन मिनिटांत कळेल कारण मूळ साचा असा, ल गा गा ल गा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू). मात्रा मोजल्या तर आठ. पण केरव्यासारख्या चार-चार पडत नाहीत, तीन आणि पाच पडतात, म्हणून पाय अडखळतो. मराठीत हा साचा छान बसतो. "कसा घात हा" म्हणून बघा. "नको दार ते" म्हणून बघा (कसांड्रा शेवटी त्या राजवाड्याच्या दाराला मेलेल्यांच्या लोकाचं दार म्हणते, म्हणून ही ओळ सुचली). ग्रीकमध्ये यातले गुरू फोडून दोन-दोन लघु करतात, त्यामुळे एकच साचा सतत आकार बदलतो आणि तरी ओळखू येतो. मी तालमीत कोरसला आधी शब्दच देत नाही, गोल उभं करून हा तीन-पाच पायाने मारायला लावते, पहिला आणि चौथा ठोका जमिनीवर, बाकीचे छातीवर, पंधरावीस मिनिटं, थकेपर्यंत. मग एकेकाला दोन लघु करून ठोका फोडायला सांगते. नट गाणारे नसले तरी हे जमतं, आणि त्यातून जो आवाज निघतो तो कुठल्याही सॅम्पल लायब्ररीत मिळत नाही.

हे काम कुणी करून दाखवलं असेल तर यानिस झेनाकिस. हा माणूस मूळचा ग्रीक, 1944-45 च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यावरच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा एक डोळा आणि अर्धा चेहरा गेला, 1947 मध्ये देश सोडून पॅरिसला आला, मागे त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. आर्किटेक्ट कॉर्बुझिएच्या ऑफिसात इंजिनिअर म्हणून नोकरी करत करत संगीतकार झाला. युद्धावरून परतलेल्या घराची गोष्ट त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती असं मला नेहमी वाटतं. 1966 मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलांटीला अलेक्सिस सोलोमोसने ईस्किलसचं 'ओरेस्टिया' बसवलं ('अगामेम्नॉन' हे त्या तीन नाटकांतलं पहिलं), ज्युडिथ अँडरसन क्लायटेम्नेस्ट्रा होती, आणि त्याचं संगीत झेनाकिसचं. त्यात कोरसच्या हातातच छोटी तालवाद्यं दिलेली आहेत, म्हणजे संगीत रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसलेल्या वादकांकडून येत नाही, ते त्या म्हाताऱ्यांच्या अंगातून येतं. नंतर त्याने त्याची मैफलीसाठी लहान आवृत्ती केली.

पण तुमच्या कामाची गोष्ट पुढची आहे. 1987 मध्ये त्याने त्यात एक नवा भाग घातला, 'कासांड्रा', एका बॅरिटोनसाठी आणि एका तालवादकासाठी, गायक स्पिरोस साकास आणि वादक सिल्व्हिओ ग्वाल्दा यांच्यासाठी लिहिलेला. एकच पुरुष दोन्ही गातो. कसांड्रा वरच्या खोट्या आवाजात, कोरस खालच्या खर्जात, आणि मधून मधून हातातल्या तंतुवाद्यावर स्वतःच छेडतो. सूर एका जागी थांबत नाही, घसरत वर जातो, घसरत खाली येतो, आणि एका घशातून दुसरा माणूस बाहेर पडतोय असं वाटायला लागतं. त्याचं रेकॉर्डिंग नक्की ऐका, पण नक्कल करायला नाही. ऐकताना एवढंच लक्ष ठेवा की त्याने "प्रायोगिक" काय वापरलंय? एक माणूस आणि काही कातडी-लाकडी वाद्यं. सगळा प्रयोग कोणाचा आवाज कुणाच्या घशात ठेवायचा या निर्णयात आहे. तुमच्याकडे गाणारी एकच मुलगी आहे ही तुम्हाला कमतरता वाटतेय, मला ती सोय वाटते. ती कसांड्राही करू शकते आणि तिच्याशी बोलणारा कोरसही, आणि बाकीचे सात जण फक्त ठोका आणि श्वास.

आता लायरवाल्या मित्राचं. त्याची इच्छा चांगली आहे पण माहिती अर्धी आहे. शोकनाट्याचं मुख्य वाद्य लायर नव्हतं, आउलोस होतं. एकाच वादकाच्या तोंडात दोन नळ्या, दोन्हीला पत्ती, आवाज रेटून येणारा, नाकातला, मोठ्या उघड्या मैदानात पोचणारा. आपल्या कानाला त्यातल्या त्यात जवळचं काही असेल तर सनई किंवा सुंद्री. म्हणजे ग्रीक म्हटल्यावर जे मऊ, पांढरं, हार्पसारखं काहीतरी डोळ्यासमोर येतं ते बाजूला ठेवा. आणि मूळ चाली परत आणायचं म्हणाल तर स्वरलेखन असलेले जेमतेम साठेक तुकडे उरलेत. त्यातला एक आपल्या कामाचा आहे, दुसरा ग्रीक नाटककार युरिपिडीस याच्या 'ओरेस्टिस'मधल्या कोरसच्या सात ओळी, व्हिएन्नात ठेवलेल्या पपायरसवर. आणि तोसुद्धा डॉख्मियाकच. ऑक्सफर्डचे आर्मंड डँगूर आणि त्यांच्याबरोबरच्या आउलोस वाजवणाऱ्यांनी तो 2017 मध्ये गाऊन-वाजवून दाखवला. त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की "मी शोक करते" या शब्दावर सूर खाली येतो आणि "उसळतं" या अर्थाच्या शब्दावर उडी घेतो. म्हणजे चाल अर्थाला धरून चालत होती. तुमच्या मित्राला सांगा की ही पद्धत घे, चाल नको घेऊ. मराठी ओळ जशी बोलली जाते तशी तिची चढ-उतार आधी काढा, मग ती ताणा.

ड्रोनवाल्या मित्राबद्दल मला जास्त सहानुभूती आहे, कारण मीही तिकडचीच. पण ड्रोनचा एक त्रास असतो, तो सुरू झाला की प्रेक्षकाला कळतं की आता भीषण काहीतरी होणार, आणि दोन मिनिटांत कान मरतो. शिवाय लूपर आणि डिले जे करतात ते कसांड्राच्या बरोबर विरुद्ध आहे. डिले म्हणजे जे होऊन गेलं ते परत ऐकू येणं. हिला तर जे अजून झालं नाही ते ऐकू येतंय. म्हणून मी तुम्हाला असं सुचवेन, आणि हे स्वतः वापरून बघितलेलं आहे. नाटकात पुढे आतून अगामेम्नॉनची किंकाळी येते, वर्मी घाव बसला असं ओरडतो, आणि लगेच दुसऱ्यांदा. ती किंकाळी त्या नटाकडून तालमीच्या जागेतच रेकॉर्ड करून घ्या, त्याच अंतरावरून, दार लावून. कसांड्राच्या पहिल्या भागात त्या किंकाळीचे छोटे तुकडे, अर्धा सेकंद, पाव सेकंद, प्रेक्षकाच्या मागच्या स्पीकरमधून अगदी हळू सोडा. नुसता श्वास, नुसती सुरुवात, नुसता शेवट. त्यावर फक्त कसांड्रा मान वळवते. कोरस अजिबात नाही, ही शिस्त फार महत्त्वाची, एकाही नटाने ऐकल्यासारखं करायचं नाही. प्रेक्षकाला वाटतं काहीतरी तांत्रिक आवाज आहे, खरखर आहे. आणि मग ती आत जाते, आणि थोड्या वेळाने तोच आवाज विंगेतून, माईकशिवाय, पूर्ण येतो. तेव्हा प्रेक्षकाच्या लक्षात येतं की आपण हे आधी ऐकलं होतं, आणि आपणही दुर्लक्ष केलं. तिथे प्रेक्षक त्या म्हाताऱ्यांच्या जागी जाऊन बसतो. यासाठी एक साधा सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारं यंत्र) आणि मागे एक बरा स्पीकर पुरतो.

त्या किंकाळीनंतर काय होतं ते बहुतेक जण कापतात, तुम्ही कापू नका. आतापर्यंत एका सुरात चालणारा कोरस इथे फुटतो. बारा जण, प्रत्येकी दोन ओळी. एक म्हणतो गावाला हाका मारा, दुसरा म्हणतो आत्ताच्या आत्ता आत घुसा, कुणी म्हणतं चर्चेत वेळ जातोय, कुणी म्हणतं नुसत्या ओरडण्यावरून तो मेला असं कसं धरायचं. आणि या सगळ्यात कुणीच आत जात नाही, दार उघडतं तेव्हा सगळं झालेलं असतं. संगीत करणाऱ्यासाठी ही सोन्याची जागा आहे. तासभर जे सात जण एकाच ठोक्यावर होते त्यांना इथे सात वेगळ्या लयीत टाका, प्रत्येकाने आपापली ओळ आपल्या रोजच्या बोलण्याच्या वेगाने, एकमेकांवर, ठोका नाही. एकत्र असण्याचा आवाज आधी नीट बसवला असेल तरच तो तुटलेला ऐकू येतो, म्हणून वर जी पायाची तालीम सांगितली ती इथे कामी येते. 'घाशीराम कोतवाल'मधली बारा ब्राह्मणांची रांग ज्यांनी बघितलीय त्यांना माणसांची भिंत एक होणं आणि सुटणं याची ताकद वेगळी सांगायला नको.

दिग्दर्शकाची भीती मात्र खरी आहे आणि तिच्यावर उपाय आवाजात शोधू नका. अथेन्सच्या प्रेक्षकाला गोष्ट पाठ होती, आपल्याला नाही, एवढा फरक मान्य करून सरळ सांगून टाकायची. संगीतकार स्त्राविन्स्कीने 1927 च्या 'ईडिपस रेक्स'मध्ये गाणं अख्खं लॅटिनमध्ये ठेवलं आणि एक निवेदक उभा केला जो प्रेक्षकांच्या भाषेत पुढे काय होणार ते आधीच सांगतो. त्यामुळे गाण्याला गोष्ट वाहायचं ओझं राहत नाही. तुम्हीही सुरुवातीची चार-पाच मिनिटं द्या, दिवे चालू, आवाज नाही, एका नटाने साध्या मराठीत सांगायचं. आणि सांगताना अपोलोच्या शापाइतकंच वजन इफिजिनियाला द्या, म्हणजे वारा मिळावा म्हणून अगामेम्नॉनने स्वतःच्या मुलीचा बळी दिला ते. नाहीतर क्लायटेम्नेस्ट्रा नुसती दुष्ट बाई होते. दिग्दर्शिका आरियान म्नुश्किनने पॅरिसजवळ 1990 पासून 'ले आत्रिद' केलं तेव्हा ओरेस्टियाच्या आधी युरिपिडीसचं इफिजिनियाचं नाटक लावलं होतं, म्हणजे प्रेक्षक त्या खुनापर्यंत पोचतो तेव्हा आईचं दुःख बघून आलेला असतो. तिच्या कोरसच्या नाचात कथकलीचा मोठा वाटा होता, हे तुमच्यातल्या ज्यांना "आपलं काहीतरी" घालायचंय त्यांच्यासाठी.

तो मुद्दा तुम्ही ओझरता विचारलाय, गोंधळ घालावा का, संबळ वापरावा का. परिस्थितीवर आहे. मी एकच कसोटी लावते, तुम्ही घेताय तो प्रकार कोरसचं काम आधीपासून करतोय का? 1983 मध्ये ब्रुकलिनला दिग्दर्शक ली ब्रूअर आणि संगीतकार बॉब टेल्सनने ग्रीक नाटककार सोफोक्लीसचा म्हातारा, आंधळा ईडिपस घेतला आणि 'द गॉस्पेल ॲट कोलोनस' केलं, अख्खं नाटक एका कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली प्रार्थनासभा म्हणून. ईडिपसचं गाणं 'फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा' या खरोखर आंधळ्या गायकांच्या गटाने मिळून गायलं, क्लॅरन्स फाउंटन पुढे, आणि मॉर्गन फ्रीमन निवेदन करणारा प्रवचनकार. ते रंगतं कारण त्या चर्चमध्ये सांगणारा, हुंकार देणारा समुदाय, आणि दुःखातून सुटका मागणं हे सगळं आधीच होतं, बाहेरून चिकटवावं लागलं नाही. गोंधळातही सांगणारा आहे, त्याला टोकणारा साथीदार आहे, देवाला बोलावणं आहे. तर देवाला हाक मारणाऱ्या कसांड्राच्या समोर ती रचना उभी राहू शकते. पण तुमच्यापैकी कुणी गोंधळ जवळून ऐकलेला नसेल आणि फक्त संबळ चांगला घुमतो म्हणून आणणार असाल तर नका आणू, तो आवाज आला की आपला प्रेक्षक आई भवानीपाशी पोचतो, आर्गोसला राहत नाही.

आणि याच्या अगदी उलट रस्ताही आहे. दिग्दर्शक आंद्रेई शेर्बान आणि संगीतकार एलिझाबेथ स्वेडोस यांनी न्यूयॉर्कच्या ला मामा नाट्यगृहात 1974 मध्ये 'मीडिया', 'इलेक्ट्रा' आणि 'ट्रोजन विमेन' ही ग्रीक शोकनाट्यं एकत्र केली, तीही प्रेक्षकाला न कळणाऱ्या प्राचीन भाषांत, शब्दाचा अर्थ सोडून त्याचा नुसता आवाज धरून. 'ट्रोजन विमेन'मध्ये प्रेक्षक नटांच्या बरोबर उभे राहून हलायचे. मला हे काम फार आवडतं, पण तुम्हाला मी पूर्ण तसं करा म्हणणार नाही, कारण कसांड्राच्या गोष्टीत शेवटी भाषा कळणं आवश्यक आहे. पहिल्या आक्रोशाला मूळ ग्रीक आवाज ठेवा, ओतोतोतोय, त्याचं भाषांतर "अरे देवा" करू नका. बाकी मराठी.

जागेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. शंभर माणसांची बंद खोली असेल तर मुलीला माईक देऊ नका, मागच्या स्पीकरची युक्ती छान चालेल, आणि प्रेक्षक तीन बाजूंनी बसवा. संगीतकार लुईजी नोनोने 1984 मध्ये व्हेनिसच्या सान लोरेंझो चर्चमध्ये 'प्रोमेतेओ' केलं तेव्हा आर्किटेक्ट रेन्झो पियानो याने बांधलेल्या लाकडी सांगाड्यात प्रेक्षक मध्ये आणि वादक-गायक चहूबाजूंनी होते, अभिनय शून्य, आणि त्याने त्याला ऐकण्याचं शोकनाट्य म्हटलं. तेवढं तुम्हाला नको, पण आवाज कुठून येतो हा अभिनयाइतकाच मोठा निर्णय आहे. नेहमीचं मोठं नाट्यगृह असेल, सातशे-आठशे खुर्च्या आणि रस्त्याचा आवाज, तर ती कापलेली शांतता तिथे तितकी शांत नसते, मग त्या आधीचा आवाज अजून दाट करावा लागेल म्हणजे फरक कानाला जाणवेल. स्पर्धेत करणार असाल तर तांत्रिक तालमीला किती वेळ मिळतो ते आधी विचारा, नाही मिळणार असेल तर मागचा स्पीकर सोडून द्या आणि ते तुकडे एका नटाकडून पाठीमागे उभं राहून तोंडाने काढून घ्या, खरंतर ते कधी कधी जास्त भीतीदायक होतं.

तर क्रम असा धरा. आधी संहितेवर दोन रंगांच्या पेनने गाणं आणि बोलणं वेगळं करा, मग पायाचा तीन-पाच, मग मुलीचे दोन आवाज, मग ती शांतता, आणि लॅपटॉप सगळ्यात शेवटी उघडा. लॅपटॉप पहिल्या दिवशी उघडलात तर सगळे त्याचंच ऐकत बसतात.

एक शेवटचं, कारण यात ग्रुप हमखास अडकतात. ईस्किलसवर कुणाचा हक्क नाही, पण अनुवादावर असतो, आपल्याकडे अनुवादकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत. इंग्रजी अनुवादावरून मराठी करणार असाल तरी परवानगी लागते, आणि प्रयोगाची मिळाली म्हणजे रेकॉर्डिंगची मिळाली असं होत नाही. संगीतकार हॅरी पार्च, ज्याने सप्तकाचे 43 भाग करून स्वतःची वाद्यं स्वतः बनवली, त्याने 1952 मध्ये कॅलिफोर्नियात 'किंग ईडिपस' केलं ते कवी येट्सच्या इंग्रजी रूपावर, प्रयोग झाले, पण रेकॉर्ड काढायला येट्सच्या वारसांनी परवानगी दिली नाही. त्याला शब्द बदलून सगळं काम पुन्हा उभं करावं लागलं, आणि तेही अशा संगीतात जिथे प्रत्येक सूर त्या शब्दाच्या बोलण्यावरून काढलेला. तुमचंही संगीत शब्दावरच उभं राहणार आहे, त्यामुळे चाल बांधायच्या आधी पत्र पाठवा. किंवा दोन-तीन अनुवाद आणि मूळ ग्रीक येणारं कुणी शेजारी घेऊन कसांड्राचा तेवढा प्रसंग स्वतःच मराठीत करा, तीनेकशे ओळी आहेत, आणि ल गा गा ल गा मध्ये बसवायच्या तर तुम्हाला तसंही नव्याने लिहावंच लागणार आहे. मुलीचा आवाज कुठल्या पट्टीचा आहे आणि जागा कुठली मिळतेय ते कळवा, मग पहिल्या भागाच्या सुरांबद्दल अजून नेमकं सांगता येईल.